जंताची गोळी आणि बाबांचं नाक

आमच्या घराण्यात पैसा नव्हता, रूप बेताचंच होतं, पण नाकं मात्र एकापेक्षा एक. दिसायला नव्हे, वास घ्यायला. बाबांनी जन्मभर कपडे शिवले. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने दुपारी काय खाल्लंय, हे ते टेप उलगडायच्या आत ओळखत. रुमालाला इस्त्री नसली तर त्यांचा दिवस वाया जातो. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ते मेले तरी पिणार नाहीत. हाच गुण माझ्यात उतरला आणि नोकरी कुठली मिळाली, तर कर्करोगाच्या पेशी वाढवायची. लोक मांजर पाळतात, मी बाटल्यांमधून माणसांचे रोग पाळते. त्यांना गुलाबी खाद्य घालायचं, त्यांनी घाण करून ते पिवळं केलं की बदलायचं, गर्दी झाली की खरवडून दुसऱ्या बाटलीत टाकायचं. इतकी वर्षं झाली, पण पेशी उबेला ठेवतात त्या इन्क्युबेटरचं दार उघडलं की तो कोंदट, उबट वास अजून माझ्या घशाशी येतो.

अशा या बाबांच्या लघवीतून रक्त गेलं. देवाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं.

तपासण्या झाल्या. सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढलं. रोग मूत्राशयाच्या भिंतीत शिरला होता. "मूत्राशय काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "पोटावर एक छोटं तोंड करू, त्याला बाहेरून पिशवी. लघवी तिच्यात जमेल, तुम्ही ती रिकामी करायची." मग त्यांनी खणातून नमुन्याची एक पिशवी काढून बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी दोन बोटांत धरली.

"ही? अंगावर?"

"सवय होते, काका. पण थांबू नका. आज रोग आत आहे. बाहेर पडला, की मग माझ्या हातात फारसं काही राहणार नाही."

बाबांनी मान हलवली. ऑपरेशनची तारीख ठरली. घरी आल्यावर ते मोरीत गेले आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. जेवताना आत्याला म्हणाले, "मुताची झोळी घेऊन फिरणार आहे मी आता. गल्लीत शिरलो की लोक नाकाला रुमाल लावतील." आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते आणि भावाच्या प्रत्येक वाक्याला हुंकार देते. ती रडायला लागली. मी दोघांनाही झापलं. पिशवीला वास येत नाही, नीट लावली तर कुणाला कळतसुद्धा नाही, जीव वाचतोय ते बघा. बाबा म्हणाले, "तुझं बरोबर आहे." ते असं म्हणतात तेव्हा त्यांना अजिबात पटलेलं नसतं.

त्या धावपळीत मी रजेवर होते. रजा संपायच्या सुमारास एका सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तर बाबा टेबलाशी बसून चक्क शीळ घालत होते. समोर वर्तमानपत्र. त्यात आमच्या सरांचा हसरा फोटो आणि वर ठळक अक्षरांत, 'जंताची गोळी मूत्राशयाच्या कर्करोगाचा कर्दनकाळ'.

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. आम्ही काही काळापासून एक प्रयोग करत होतो खरा. पोरांना जंत झाले की देतात ती गोळी, कुठल्याही औषधांच्या दुकानात चार पैशांना मिळणारी. ती कर्करोगाच्या पेशींवर टाकली तर काय होतं, एवढंच बघायचं होतं. जुनी, स्वस्त औषधं नव्या रोगांवर घासून बघण्यात वाईट काही नाही, उलट मला ते काम आवडायचं. पण मी रजेवर जाताना प्रयोग अर्धाच होता.

"वाच," बाबा म्हणाले. "तुझं नाव आहे शेवटच्या ओळीत. एवढं मोठं संशोधन केलंस आणि बापापासून लपवून ठेवलंस?"

"बाबा, हे बशीतल्या पेशींवरचं आहे. माणसांवरचं नाही."

"पेशी माणसाच्याच ना?"

"माणसाच्याच, पण..."

"मग झालं तर." त्यांनी वर्तमानपत्राची घडी अशी घातली, जशी ते गिऱ्हाइकाच्या कोटाची घालत. "मी काल संध्याकाळपासून सुरू केली. टीव्हीवर कालच दाखवलं. आणि दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली."

आत्या मागून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरातच औषध आणि आपण हिंडतोय दवाखाने."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगते. राग नंतर आला. आधी शिसारी आली. आपल्या पानात कुणीतरी थुंकलंय आणि ते आपल्या बापाने आनंदाने खाल्लंय, तशी.

मी तशीच प्रयोगशाळेत गेले. दारातच फुलांचे गुच्छ. माझ्या टेबलावर कुणाचा तरी खरकटा कप आणि त्यात बुडवलेला कागदी रुमाल. सरांच्या खोलीत कॅमेरावाले होते. सर बोलायला लागले की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरा फेस जमतो आणि गडी रंगात आला की तो ताणला जातो, तुटत नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या कपाळाकडे बघून बोलत आले आहे. आज फेस भरपूर होता.

प्रयोग पुरा केला होता हिरोने, आणि सरांनी माझंही नाव घालून त्यावरचा शोधनिबंध, आमच्या भाषेत पेपर, एका नियतकालिकात घाईने छापून आणला होता. हिरो हा सरांचा लाडका संशोधक, केस नेहमी ओले आणि बुद्धी नेहमी कोरडी. मी त्याला बाजूला घेतलं. "मला मूळ मांडणी दाखव. कुठल्या खळग्यात काय टाकलंस?"

इथे जरा समजून घ्यावं लागेल, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. आम्ही पेशी वाढवतो त्या प्लेटला ओळीने छोटे छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात पेशी, आणि पुढे पुढे औषध वाढवत न्यायचं. आता ही जंताची गोळी पाण्यात विरघळत नाही. म्हणून ती आधी एका सॉल्व्हंटमध्ये विरघळवावी लागते. हा सॉल्व्हंट मोठा ओंगळ पदार्थ आहे. हातावर थेंब पडला तर कातडीतून आत जातो आणि थोड्या वेळाने तोंडाला लसणासारखी चव येते. आणि जास्त झाला तर पेशी मारून टाकतो, औषध असो वा नसो. त्यामुळे शेजारच्या खळग्यांत नुसता सॉल्व्हंट टाकून बघायचा असतो, तोही तेवढाच. तसं केलं तरच मारलं कुणी ते कळतं.

हिरोने नुसता सॉल्व्हंट टाकला होता. पण सगळ्यात लहान डोसमध्ये जेवढा होता, तेवढाच. डोस वाढवताना त्याने औषधाबरोबर सॉल्व्हंटही वाढवत नेला, आणि तुलनेचा खळगा, ज्याला आम्ही कंट्रोल म्हणतो, तो मात्र होता तिथेच ठेवला. थेंबभर सॉल्व्हंटमधल्या पेशी जगल्या, चमचाभर सॉल्व्हंटमधल्या मेल्या, आणि श्रेय मिळालं गोळीला.

"अगं, पण कंट्रोल होता की," हिरो म्हणाला.

"होता. हत्तीच्या शेजारी उंदीर उभा करून वजनाची तुलना केलीस तू."

"सरांनी बघितलं होतं."

म्हणजे सरांनी बघितलं नव्हतं. मी हातमोजे चढवले आणि प्रयोग पुन्हा लावला. एका ओळीत हिरोने केलं होतं तसंच, गोळी आणि भरपूर सॉल्व्हंट. दुसऱ्या ओळीत तेवढाच सॉल्व्हंट, गोळी नाही. तिसऱ्या ओळीत गोळी, पण माणसाने खाल्ल्यावर रक्तात पोचते तेवढीच. ती फार थोडी असते. गोळी जंतांसाठी केलेली आहे, जंत आतड्यात असतात, म्हणून ती बरीचशी आतड्यातच राहते. पेशींना दोन-तीन दिवस दिले.

पहिली ओळ मेली होती. दुसरीही तशीच मेली होती. तिसरीतल्या पेशी मजेत वाढत होत्या.

मी फोटो काढले आणि सरांपुढे ठेवले. सरांनी ते बराच वेळ बघितले. त्यांना कळलं. हे महत्त्वाचं आहे, त्यांना कळलं. मूर्ख असते तर मला एवढी किळस आली नसती.

"हे बघ," ते म्हणाले, "लहान डोसलाही थोडा परिणाम असेल. पुढच्या पेपरमध्ये आपण हे सविस्तर घेऊ."

"सर, पेपर मागे घ्यायला हवा. वर्तमानपत्राला कळवायला हवं. लोक गोळ्या खायला लागलेत."

"जंताच्या गोळीने कुणी मरत नाही."

"गोळीने नाही मरत. ऑपरेशन न केल्याने मरतात. माझ्या वडिलांनी तारीख रद्द केली आहे."

सर खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, आता तरी. "वडिलांना मूत्राशयाचाच आहे?" त्यांनी विचारलं. "आणि ते आपली गोळी घेतायत? बरं वाटतंय का त्यांना?" ओठांच्या कोपऱ्यात फेस जमायला लागला होता. "नाही, म्हणजे वर्तमानपत्रवाले विचारतायत, एखादा पेशंट आहे का म्हणून. फोटो हवाय त्यांना. घरचाच माणूस असेल तर..."

मी उठले. ते मागून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, विसरू नकोस. तुझंही नाव आहे पेपरवर." मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, दोनदा चूळ भरली, तरी तोंडातली लसणाची चव गेली नाही. सकाळी खात्रीसाठी आणखी एक प्लेट लावली होती, तेव्हा हातमोज्याला कुठेतरी भोक पडलं असणार.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. सॉल्व्हंट, खळगे, हत्ती आणि उंदीर. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं आणि तुझ्या सरांचं पहिल्यापासून पटत नाही."

"त्याचा काय संबंध?"

"तू रजेवर असताना त्या पोराने काम केलं, कौतुक त्याचं झालं. तुला लागलं असेल. लागणारच."

"बाबा!"

"मी सगळ्या गल्लीला सांगितलंय," ते एकदम आवाज चढवून म्हणाले. "माझ्या पोरीच्या लॅबची गोळी आहे म्हणून. शेजारचे काका येऊन माझ्याकडून नाव लिहून घेऊन गेले. आता काय सांगू? पोरीनं लावलेला शोध खोटा आहे म्हणून सांगू?" आणि मग हळू आवाजात, "आणि तुला वाटतं, मी ती झोळी लावीन?"

तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या गोष्टीशी भांडत होते. बाबांचा गोळीवर विश्वास होता असं नाही, पण त्यांना पिशवीची किळस होती. गोळी छोटी, पांढरी, स्वच्छ. चांदीच्या कागदातून टच्कन निघते. पिशवीत काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी बापाला ओळखते. बाबा एक वेळ मरतील, पण घाणेरडे होणार नाहीत.

पुढच्या काही आठवड्यांत ते स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले, तेही पहाटे, दार लावून. आत्याला तो भावाचा समजूतदारपणा वाटला. एके दिवशी वाळत घातलेल्या लेंग्यावर मला पुसट तांबूस डाग दिसला. जन्मात ज्यांच्या हातून कपड्यावर तेलाचा थेंब राहिला नाही, त्यांच्याकडून रक्ताचा डाग निघाला नव्हता. सर्जनबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "घेऊन या. हा महिना सरायच्या आत आणा. नंतर आणलंत तर मी काही बोलू शकणार नाही."

समजावून सांगणं संपलं होतं. मी बाबांना म्हटलं, "गल्लीला एवढं सांगितलंत, तर निदान बघायला तरी या तुमच्या गोळीची करामत."

ते लगेच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट, घडीचा रुमाल, बूट चकचकीत. प्रयोगशाळेत शिरताच त्यांचं नाक आक्रसलं. "कसला वास हा?"

"पेशींचा."

त्याच तीन ओळींची प्लेट मी नव्याने लावून ठेवली होती, ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. पहिली ओळ दाखवली. बाबांनी डोळा लावला. गोल गोल झालेल्या, सुटून तरंगणाऱ्या पेशी, कचऱ्यासारख्या. "मेल्या!" ते ओरडलेच. "बघ, मेल्या की नाही?"

"मेल्या. ही तुमच्या गोळीची ओळ. आता ही बघा. हिच्यात गोळी नाही, नुसता सॉल्व्हंट आहे."

त्यांनी बघितलं. पुन्हा पहिली मागितली, पुन्हा दुसरी. कापडाचे दोन तुकडे एकाच ताग्यातले आहेत का हे बघताना ते असंच करत. "सारख्याच मेल्यात," ते शेवटी म्हणाले. "मग तो सॉल्व्हंटच का नाही पीत आपण?"

"त्याने तुम्हीही मराल. तो सगळंच मारतो."

"आणि नुसती गोळी? माझ्यासारखी, खाल्लेली?"

मी प्लेट सरकवली. तिसरी ओळ. या खळग्यांतलं गुलाबी खाद्य पिवळं पडलं होतं. बाबांनी डोळा लावला. आत काय दिसत होतं ते मला पाठ आहे. तळाला कणभर जागा उरलेली नसते. पेशी एकीवर एक चढलेल्या, शेजारणीला रेटून, मिळेल त्या फटीत पाय घालून पसरलेल्या. मध्येच एखादी दुभंगत असते.

"ही हलतेय," बाबा म्हणाले.

"दोन होतायत तिच्या."

"कुणाच्या आहेत या?"

"एका माणसाच्या. फार जुन्या. तो कधीच गेला."

"तो गेला आणि या अजून खातायत?" त्यांनी डोळा काढला. चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्यात हे आहे? असंच? आत्ता, इथे उभा आहे तेव्हाही?"

"हो, बाबा."

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. मला वाटलं, ते ओकतील. मी त्यांचा हात धरला. "एवढी घाण," ते रुमालाआडून म्हणाले, "एवढी घाण घेऊन मी रोज अंघोळ करतोय."

नेमके त्याच वेळी सर आत आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. "अरे वा, काका! तुम्हीच ना ते? आपली गोळी घेणारे?" आणि त्यांनी हात पुढे केला. बाबांनी सवयीने हात दिला. सर तो हलवत राहिले. "फोटोग्राफरला बोलावू का? एक फोटो, दोन ओळी, गोळीने कसं बरं वाटतंय ते सांगायचं. पोरीचंही नाव होईल."

बाबा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात सोडवून घेतला, रुमालाने बोट न् बोट पुसलं आणि तो इस्त्रीचा रुमाल घडी न मोडता पायाशी असलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"चल पोरी," ते म्हणाले. "तुझ्या सर्जनबाईंकडे जायचंय. हे काढून टाकू दे त्यांना. झोळी तर झोळी."

ऑपरेशन झालं. रोग मूत्राशयाच्या बाहेर पडला नव्हता. "अगदी काठावर होता," सर्जनबाई म्हणाल्या, आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरीसारखी रडले.

काही दिवसांनी दवाखान्यातच बाबांनी पहिल्यांदा स्वतः पिशवी रिकामी केली. मला पडद्यामागे उभं केलं होतं. आतून पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ साबणाचा. पडदा सरकला तेव्हा त्यांचं नाक पार आक्रसलेलं होतं.

"वास येतो," ते म्हणाले.

"येणारच थोडा."

"पण रिकामी करता येते." ते उशीला टेकले. "तुझ्या सरांचं काय झालं?"

मी सांगितलं. मी ज्या नियतकालिकात पेपर आला त्यांना फोटोंसकट कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, विचार चालू आहे. वर्तमानपत्राने तर साधं उत्तरसुद्धा दिलं नाही. सरांनी सगळ्यांना सांगितलं, की वडिलांच्या आजारपणाने बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. आणि बातमी चौकट करून भिंतीवर लावली आहे.

"म्हणजे लोक अजून खातायत?"

"खातायत. शेजारच्या काकांच्या मेहुण्यानंही ऑपरेशन पुढे ढकललंय."

चादरीखाली पिशवी पुन्हा हळूहळू भरत होती. मग त्यांनी चादर बाजूला केली. आत्याला आणि मला जी ते बघू देत नव्हते, नर्सला नाइलाजाने दाखवत, त्या पिशवीवर ओढलेला सदरा वर घेतला आणि ती तशीच दिसू दिली.

"त्या वर्तमानपत्रवाल्यांना पेशंटचा फोटो हवा होता ना? बोलाव त्यांना. गोळी घेतलेला पेशंट आहे म्हणावं. काढा म्हणावं फोटो, हिच्यासकट." त्यांनी पोटाकडे बोट दाखवलं, नाक तसंच मुरडलेलं. "आणि येताना माझा इस्त्रीचा शर्ट आण."